पावतीवरचा सेल्स टॅक्स जुळत नाही: ८.८७५ टक्के नेमके कशावर लावायचे?

जर्सीवासी

राहायला न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत, शनिवारचं सामान नदीपलीकडच्या न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समधून. न्यूयॉर्क शहराचा सेल्स टॅक्स ८.८७५ टक्के, इथवर माहीत आहे. पण पावतीवरचा आकडा त्या दराशी काही केल्या जुळत नाही. दुकानाचं नाव गाळून पावती जशीच्या तशी देतो, सगळे आकडे डॉलरमध्ये:

दूध, १ गॅलन – ४.२९
तांदूळ, २० पौंड – १८.९९
चॉकलेट – २.४९ टी
सोडा, १२ कॅन – ७.९९ टी
भांड्यांचा लिक्विड साबण – ३.७९ टी
पेपर टॉवेल – ६.४९ टी
टी-शर्ट – २४.००
डोकेदुखीच्या गोळ्या – ८.४९
सबटोटल – ७६.५३
बॉटल डिपॉझिट – ०.६०
टॅक्स – १.८४
एकूण – ७८.९७

७६.५३ चे ८.८७५ टक्के म्हणजे ६.७९ व्हायला हवेत. लागलेत १.८४, म्हणजे जेमतेम २.४ टक्के. कमी लागला म्हणून तक्रार नाही, पण हिशेब कळत नाही हे खुपतं. 'टी' लिहिलेल्या चार वस्तूंवर वेगवेगळा टॅक्स काढून बेरीज केली, तर १.८५ येतात. मग तो एक सेंट गेला कुठे? आणि हेच सामान नदीच्या अलीकडे, जर्सीत घेतलं तर किती फरक पडेल? एमआरपीत सगळं आलं अशी सवय असलेल्या माणसाला कळेल असं सांगा.

हिशेबनीस

उत्तराच्या अगदी जवळ आहात. टॅक्स सबटोटलवर लागत नाही, फक्त 'टी' असलेल्या ओळींवर लागतो. हे अक्षर त्या दुकानाच्या मशीनचं असतं. कुठे चांदणी असते, कुठे दुसरंच अक्षर. पावतीच्या तळाशी बहुधा खुलासा असतो.

तुमच्या चार ओळी: २.४९ + ७.९९ + ३.७९ + ६.४९ = २०.७६. त्याला ०.०८८७५ ने गुणलं की १.८४२४५, म्हणजे १.८४. मशीन करपात्र वस्तूंची आधी बेरीज करतं, टॅक्स एकदाच काढतं आणि सेंटाच्या पुढचा भाग शेवटी एकदाच पूर्णांकात आणतं. तुम्ही ते चार वेळा केलंत: ०.२२०९९ चे ०.२२, ०.७०९१ चे ०.७१, ०.३३६४ चे ०.३४ आणि ०.५७६० चे ०.५८. चारांपैकी तिघे वर सरकले, म्हणून बेरीज १.८५. सेंट कुठे गेला नाही, तुम्हीच तो जास्तीचा काढलात.

आता त्या ८.८७५ मध्ये काय काय आहे ते बघा. न्यूयॉर्क राज्याचे ४ टक्के, शहराचे ४.५ आणि ०.३७५ टक्के महानगराच्या वाहतूक जिल्ह्याचे, म्हणजे सबवे-लोकलच्या खर्चासाठी. शहराबाहेर पडलात की पहिला आकडा तोच राहतो, बाकीचे बदलू शकतात. छापील किमतीत टॅक्स न धरण्याचं एक मोठं कारण हेच. एकच वस्तू शेजारच्या काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) वेगळ्या दराने विकली जाते, मग पाकिटावर कोणता आकडा छापणार?

टॅक्स कशाला माफ, तेही बघा. दूध-तांदूळ घरी शिजवायचं अन्न, त्याला न्यूयॉर्कमध्ये टॅक्स नाही. चॉकलेट आणि सोडा पोटातच जातात, पण कायद्याने कँडी आणि सॉफ्ट ड्रिंकला किराण्यातून बाहेर काढलंय. गोळ्या औषध म्हणून माफ, त्याला डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही. साबण मात्र घरगुती वस्तू, पूर्ण दर. ६० सेंट डिपॉझिट म्हणजे १२ कॅनचे प्रत्येकी ५ सेंट. त्यावर टॅक्स नाही आणि रिकामे कॅन परत दिले की ते मिळतात. ते करपात्र बेरजेत मिसळून टॅक्स काढला तर हिशेब ६ सेंटांनी चुकतो, आणि पावती तपासताना लोक हमखास इथेच अडकतात.

नवा_पाहुणा

पेपर टॉवेलला टॅक्स कसा लावला? घरगुती कागदी वस्तूंना माफी असते की. दुकानाने चुकून लावलाय, परत मागा.

हिशेबनीस

नवा_पाहुणा, तो नियम न्यू जर्सीचा. तिथे घरी वापरून टाकून द्यायच्या कागदी वस्तूंना, म्हणजे पेपर टॉवेल, टॉयलेट पेपर, नॅपकिन यांना माफी आहे. न्यूयॉर्कमध्ये नाही. पावती बरोबर आहे, मागायला गेलात तर हात हलवत परत याल.

पलीकडचा_काठ

जर्सीचा हिशेब मी देतो. राज्याचा दर ६.६२५ टक्के, सगळीकडे तोच, कारण काउंटी किंवा शहर त्यावर आपली भर घालत नाही. तुमच्या पिशवीत तिथे करपात्र फक्त चॉकलेट, सोडा आणि साबण: १४.२७. टॅक्स ०.९४५४, म्हणजे ९५ सेंट. बॉटल डिपॉझिट न्यू जर्सीत मुळात नाहीच. क्वीन्सच्या १.८४ च्या तुलनेत ८९ सेंट वाचले. तेवढ्यासाठी नदी ओलांडायचं टाळायचं का ते तुम्ही ठरवा, पण किराण्यापुरता फरक हा एवढाच.

यात एक गंमत आहे. न्यू जर्सी ज्या राज्यांच्या करारात आहे, त्यांच्यात कँडीची व्याख्या ठरलेली आहे: घटकांच्या यादीत पीठ असेल, तर ती कँडी नाही, खाद्यपदार्थ. त्यामुळे नुसत्या चॉकलेटला टॅक्स, आणि आत वेफर असलेल्या चॉकलेटला नाही. तुमचं चॉकलेट वेफरचं असतं, तर जर्सीत करपात्र रक्कम ११.७८ आणि टॅक्स ७८ सेंट. न्यूयॉर्क त्या करारात नाही, तिथे पिठाचा हा नियम चालत नाही.

दुसरं, जर्सी सिटीत अर्बन एंटरप्राइज झोन आहे, म्हणजे धंद्याला चालना द्यायला आखलेला भाग. झोनमधल्या नोंदणी झालेल्या दुकानांत दर निम्मा, ३.३१२५ टक्के. तिथे हेच सामान ४७ सेंट टॅक्सात येईल. पण शहरात दुकान आहे एवढ्याने भागत नाही, त्या दुकानाने नोंदणी करून घेतलेली असावी लागते. दाराशी किंवा काउंटरवर तसा कागद लावलेला असतो. तयार जेवण, दारू, सिगारेट आणि गाड्या यांना निम्मा दर नाही.

मोजमाप

टी-शर्टचं कोणी बोललं नाही, आणि खरा पैसा तिथेच आहे.

न्यूयॉर्क शहरात कपडे आणि पादत्राणं ११० डॉलरच्या आत असतील तर राज्य आणि शहर दोघांचाही टॅक्स माफ. मर्यादा एका नगाची (बुटांची असेल तर जोडीची) आहे, बिलाची नाही. ९० डॉलरचे चार शर्ट घेतले, बिल ३६० झालं, तरी टॅक्स शून्य.

पण ११० ला कडा आहे, उतार नाही. १०९.९९ च्या जाकिटाला टॅक्स शून्य. ११०.०० च्या जाकिटाला पूर्ण ११० वर टॅक्स, म्हणजे ९.७६. छापील किमतीत एका सेंटाचा फरक, खिशातून ९.७७ जास्त. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये मर्यादा १७५ डॉलर आणि टॅक्स फक्त वरच्या भागावर. २०० डॉलरच्या जाकिटाला तिथे २५ डॉलरवर ६.२५ टक्के, म्हणजे १.५६. न्यूयॉर्क शहरात त्याच जाकिटाला १७.७५. म्हणून एखाद्या राज्यात अमुक मर्यादा आहे असं कळलं की लगेच विचारायचं: मर्यादा ओलांडल्यावर पूर्ण किमतीवर लागतो की जादाच्या भागावर?

कडेजवळच्या किमतीत दुकानाची सूट कामी येते. १२५ च्या जाकिटावर १५ टक्के सूट असेल तर किंमत १०६.२५, म्हणजे माफी. सूट आधी वजा होते, मग मर्यादा तपासली जाते.

न्यूयॉर्क शहराबाहेर गेलात तर सावध. राज्याचे ४ टक्के सगळीकडे माफ, पण काउंटीने आपला हिस्सा माफ करायचा की नाही ते काउंटीच ठरवते, आणि बऱ्याच काउंट्या करत नाहीत. हँडबॅग, घड्याळ, दागिने हे कपडे धरले जात नाहीत, किंमत कितीही असो. न्यू जर्सीत कपड्यांना वरची मर्यादाच नाही, फक्त फरचे कपडे वगळलेत.

जर्सीवासी

धन्यवाद मंडळी, डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आता कूपन. सोड्यावर १ डॉलर सवलतीचं कूपन होतं, तरी टॅक्स पूर्ण किमतीवर लागला असं एकदा दिसलं. आणि हॉटेलात टिप टॅक्स धरून द्यायची की सोडून?

मोजमाप

कूपन कोणाचं, यावर सगळं आहे. दुकानाचं स्वतःचं असेल, तर दुकानाला खरोखर ६.९९ च मिळाले. टॅक्स त्यावरच, ६२ सेंट. कंपनीचं असेल, तर दुकानाला तुमच्याकडून ६.९९ आणि कंपनीकडून १ डॉलर मिळतो. विक्रीची किंमत ७.९९ च राहिली, टॅक्स ७१ सेंट. कंपनीच्या कूपनवर 'मॅन्युफॅक्चरर्स कूपन' असं छापलेलं असतं. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत हीच पद्धत, बहुतेक राज्यांतही. हाच तर्क कपड्यांना लागतो: कंपनीच्या कूपनने किंमत ११० च्या खाली येत नाही.

गिफ्ट कार्ड विकत घेताना टॅक्स नसतो. ते वापरून वस्तू घेता तेव्हा लागतो, कारण कार्ड म्हणजे पैसेच. सूट समजून ते किमतीतून वजा करू नका. ५० डॉलरच्या कार्डावर ५० डॉलरची करपात्र वस्तू येत नाही, ४.४४ वरून द्यावे लागतात. याउलट कार्डात बसेल अशी किंमत काढायची, तर भागाकार करा: ५० ÷ १.०८८७५ = ४५.९२. त्यावर टॅक्स ४.०८, बरोबर ५०.

टॅक्ससकट आकड्यातून मूळ किंमत काढताना लोक नेमकी हीच चूक करतात. ५४.४४ मधून ८.८७५ टक्के वजा केले की ४९.६१ उरतात, आणि ते चूक. दर लागला होता मूळ ५० वर, ५४.४४ वर नाही. १.०८८७५ ने भागा, ५० येतील. मित्रांत बिल वाटून घेताना हे उपयोगी पडतं. प्रत्येकाच्या पदार्थाची किंमत १.०८८७५ ने गुणली की टॅक्सचा वाटा आपोआप बसतो.

खवय्या_पण_हिशेबी

हॉटेलचं मी सांगतो. तयार जेवण सगळं करपात्र, मग त्यात नुसता भात-वरण का असेना. न्यूयॉर्कचं गाजलेलं उदाहरण बेगलचं, म्हणजे कड्याच्या आकाराच्या पावाचं: अख्खा बेगल पिशवीत घालून घरी नेला तर किराणा, टॅक्स नाही. दुकानदाराने तोच कापून दिला, भाजून दिला किंवा वर क्रीम चीज लावून दिलं, तर तयार पदार्थ, टॅक्स आला. सुरी घरी असेल तर वाचवा.

टिप आपल्या मर्जीने देता तिच्यावर टॅक्स नसतो, आणि ती टॅक्सआधीच्या रकमेवर काढणं हेच रास्त. जेवण ६४.००, टॅक्स ५.६८, एकूण ६९.६८. ६४ वर १८ टक्के म्हणजे ११.५२. काउंटरवरचं यंत्र एकूण रकमेवर काढत असेल तर १२.५४ दाखवतं. बटण दाबण्याआधी आकडा बघा, टक्केवारी नको. न्यूयॉर्क शहरात टॅक्सची दुप्पट म्हणजे १७.७५ टक्के टिप, म्हणून तिथे 'डबल द टॅक्स' चालतं. जर्सीत तीच युक्ती केलीत तर १३.२५ टक्केच होतात आणि वाढपी तोंड वाकडं करेल.

मोठ्या ग्रुपला हॉटेल स्वतःच सेवा रक्कम लावतं, ती वेगळी बाब. न्यूयॉर्कमध्ये ती बिलावर ग्रॅच्युइटी म्हणून स्वतंत्र दाखवली असेल आणि पूर्ण रक्कम कर्मचाऱ्यांना जात असेल तरच टॅक्समुक्त. नाहीतर तीही करपात्र रकमेत धरली जाते.

तोंडी हिशेबाला: ८.८७५ म्हणजे ९ वजा एक अष्टमांश. ४० डॉलरचे ९ टक्के ३.६०, त्यातून ५ सेंट काढा, ३.५५. बरोबर तेवढेच येतात. जर्सीसाठी पंधराने भागा: ४० ÷ १५ = २.६७, खरा टॅक्स २.६५. दुकानात उभ्या उभ्या एवढं पुरे.

नवा_पाहुणा

मग महागाची वस्तू घ्यायला डेलावेअरला जावं हे उत्तम. तिथे सेल्स टॅक्सच नाही. किंवा ऑनलाइन, डेलावेअरच्या दुकानातून.

हिशेबनीस

ऑनलाइनचा मार्ग बंद झालाय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ जून २०१८ ला साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात निकाल दिला, तेव्हापासून विक्रेत्याचं दुकान किंवा गोदाम तुमच्या राज्यात नसलं तरी राज्य त्याला टॅक्स गोळा करायला लावू शकतं. अगदी छोटे विक्रेते सुटतात, त्यांच्यासाठी राज्यागणिक विक्रीची मर्यादा आहे. आणि दुसऱ्या राज्यातून माल येतो तेव्हा दर विक्रेत्याच्या गावाचा नाही, माल जिथे पोचतो त्या पत्त्याचा लागतो. जर्सी सिटीत मागवलंत तर ६.६२५, क्वीन्समधल्या मित्राच्या पत्त्यावर मागवलंत तर ८.८७५. वस्तू करपात्र असेल तर पोचवण्याच्या आकारावरही दोन्ही राज्यांत टॅक्स आहे. ऑनलाइन बिल जुळत नाही, तेव्हा आधी हे तपासा: १०० ची वस्तू आणि १० डॉलर शिपिंग, जर्सीत टॅक्स ६.६३ नव्हे तर ७.२९.

अंदाज पिन कोडवरून, म्हणजे इथल्या झिप कोडवरून काढू नका. झिप कोड टपालासाठी आहेत, एकाच झिप कोडमध्ये दोन शहरांच्या किंवा काउंटींच्या हद्दी येऊ शकतात. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात हे फार जाणवतं. तिथे राज्यभर किमान ७.२५ टक्के आणि वर जिल्ह्यांची वेगवेगळी भर. राज्याच्या कर खात्याच्या साइटवर पूर्ण पत्ता घालून दर मिळतो, तोच धरा.

आता डेलावेअर. सेल्स टॅक्स नसलेली राज्यं पाच: न्यू हॅम्पशायर, ओरेगन, मोंटाना, अलास्का आणि डेलावेअर. अलास्कात राज्याचा नाही, पण गावं आपला लावू शकतात. १२०० डॉलरचा लॅपटॉप डेलावेअरच्या दुकानात १२०० लाच मिळेल. जर्सीत ७९.५० आणि न्यूयॉर्क शहरात १०६.५० टॅक्स लागला असता. पण तो लॅपटॉप वापरणार जर्सीतच. मग त्यावर यूज टॅक्स, म्हणजे बाहेरून आणून इथे वापरलेल्या वस्तूवरचा कर लागतो, तोही ६.६२५ टक्क्यांनीच. दुकानदार तो घेत नाही, तुम्हीच भरायचा असतो. न्यू जर्सीच्या वार्षिक आयकर विवरणपत्रात त्यासाठी वेगळी ओळ आहे, न्यूयॉर्कच्याही आहे. लोक तिथे डोळे झाकून शून्य लिहितात हे खरं, पण 'टॅक्स लागत नाही' आणि 'कोणी भरत नाही' यात फरक आहे. गाडीच्या बाबतीत तर पळवाट उरतच नाही, कारण नोंदणी करतानाच पैसे मागतात.

दुसऱ्या राज्यात टॅक्स भरला असेल तर त्याची वजावट मिळते. न्यूयॉर्कला दुकानात ८.८७५ भरून वस्तू जर्सीत आणलीत तर जर्सीला आणखी काही द्यायचं नाही. जास्तीचे २.२५ टक्के मात्र परत मिळत नाहीत.

जर्सीवासी

हे सगळं कळलं. शेवटचं: टॅक्स खरंच चुकून लागला, समजा टी-शर्टवरच, तर काय करायचं?

मोजमाप

पावती घेऊन त्याच दुकानात जा. चूक बहुधा मशीनमध्ये वस्तू चुकीच्या वर्गात टाकल्याची असते, कॅशियरची नसते, त्यामुळे मॅनेजर गाठा. २४ डॉलरच्या टी-शर्टवर २.१३ होतात, ते परत करून नवी पावती देतात. दुकान नाही म्हणालं तर न्यूयॉर्कमध्ये ग्राहकाला थेट कर खात्याकडे एयू-११ हा अर्ज करता येतो, मुदत तीन वर्षं, आणि पावती जोडावी लागते. म्हणून मोठ्या खरेदीच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. पावत्यांचा कागद उष्णतेवर छापतात, गाडीच्या काचेशी चार दिवस पडला तर आकडेच दिसत नाहीत.

वस्तू परत करताना टॅक्सही परत मिळाला का, तेही बघायचं. आणि न्यूयॉर्क शहरात कागदी पिशवीचे ५ सेंट लावतात त्यावर टॅक्स नाही. तुमच्या पुढच्या पावतीत ती ओळ दिसली की २०.७६ सारख्या बेरजेत धरू नका.